व्याह्यांच्या विहिरी

स्वतःच्या विहिरीला स्वतःच्या हाताने लाल रंग फासायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. पेंटरवर ती आली, आणि आली तीही भर सकाळी, अख्खी गल्ली कुंपणाला टेकून बघत असताना. वर पुन्हा काम पाणी तपासणाऱ्या ऑफिसचं. म्हणजे रंग ऑफिसचा, ब्रश ऑफिसचा, आणि "दोन हात द्या हं, एका हातात खालचा चुना दिसतो," ही सूचनासुद्धा ऑफिसचीच. उभा जन्म ज्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याला कोणी दोन हातांचं शिकवावं! पण पेंटरने मुकाट्याने डबा उघडला, काडीने रंग ढवळला आणि कठड्यावर पट्टा ओढायला घेतला.

पाणी तपासणाऱ्या मॅडम शहरातून आल्या होत्या. त्यांनी घरोघर एकेक बाटली वाटली, ज्याने त्याने आपापल्या विहिरीचं पाणी भरून द्यायचं, असं ठरलं. बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, निकाल आले. चांगल्या पाण्याच्या विहिरीला हिरवा पट्टा, वाईट पाण्याच्या विहिरीला लाल. गल्लीतल्या झाडून सगळ्या विहिरी हिरव्या झाल्या. इस्त्रीवाल्याची झाली, शिवणकामवाल्या मावशींची झाली, भिंतीला भिंत लागून असलेल्या हेडमास्तरांची तर झालीच झाली. लाल निघाली ती एकट्या पेंटरची.

"पण मॅडम, आर्सेनिक म्हणजे नक्की काय हो?" इस्त्रीवाल्याने विचारलं. गल्लीतली बातमी पहिल्यांदा त्याच्या टेबलावर यायची आणि कडक घडी मारून पुढे जायची.

"विष आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हळूहळू चढणारं. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. उकळलं तरी जात नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की कातडीवर डाग उठतात, आतून माणूस पोखरतो. आणि पोटुशी बाई, तान्हं मूल यांच्या तोंडी तर ते मुळीच जायला नको."

"अरे बाप रे! कालवलं कोणी?"

"कोणीच कालवलं नाही. ते जमिनीतलंच आहे." मॅडम पायरीवर बसल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. फार फार पूर्वी इथून नदी वाहायची. तिने डोंगरातले खडक झिजवून त्यांचा गाळ आणून टाकला. त्या गाळाच्या कणाकणाला हे विष चिकटलेलं असतं. वरच्या पिवळ्या रेतीत हवा खेळते, तिथे ते कणाला धरून बसतं, पाण्यात उतरत नाही. खाली काळा चिखल लागतो, जुना पालापाचोळा कुजलेला, तिथे हवा नाही. तिथे कणाची पकड सुटते आणि विष पाण्यात उतरतं. म्हणून एक विहीर चांगली आणि शेजारची वाईट, असं होऊ शकतं. "दोष कोणाचाच नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या.

गल्लीने मान डोलावली. नदी, डोंगर, गाळ, सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग सगळ्यांचे डोळे एकदमच विहिरीच्या कडेला गेले. तिथे रॉकेलच्या डब्यात पेंटरचे ब्रश भिजत पडले होते, आणि धुण्याच्या दगडावर निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांचे ओघळ वाळलेले होते.

"बाई सज्जन आहेत," मॅडम गेल्यावर इस्त्रीवाला म्हणाला. "गरिबाला पाठीशी घातलं."

झालं! डोंगर राहिला डोंगराच्या जागी, नदी गेली वाहून, आणि खापर फुटलं पेंटरच्या डोक्यावर. आणि हे खापर फोडायला सगळ्यांत पुढे कोण, तर त्याची बायको! "घसा कोरडा पडला माझा सांगून सांगून," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "विहिरीवर ब्रश धुऊ नका, विहिरीवर ब्रश धुऊ नका! ऐकलंत कधी? घ्या आता. आपणही प्यालो आणि पोरीलाही पाजलं लहानपणापासून."

पेंटर तोंडात मारल्यासारखा गप्प. आता तुम्ही म्हणाल, एवढा नेहमी तणतणणारा माणूस, गप्प का बसला? तर त्याच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती ओठांवर आणायची सोय नव्हती.

त्या लाल ठरलेल्या बाटलीत त्याच्या विहिरीचं पाणी नव्हतंच मुळी!

बाटली हातात आली त्या दिवशी त्याचंही लक्ष त्या ब्रशांच्या डब्याकडे गेलं होतं. इतक्या वर्षांचा रंग, रॉकेल, टर्पेंटाइन, दगडावरून ओघळत कुठे गेलं असेल? प्रयोगशाळेतलं यंत्र बाटलीत बघून म्हणालं, यात इस्त्रीवाल्याच्या पाटीचा निळा आहे, तर? मग पहाटे घरातले उठायच्या आत तो दोन घरांमधलं मधलं दार ढकलून पलीकडे गेला आणि हेडमास्तरांच्या विहिरीतून बाटली भरून घेऊन आला.

हेडमास्तर म्हणजे त्याचे व्याही. पेंटरची लेक, चिमी, त्यांच्या घरात दिलेली. जावई बाहेरगावी नोकरीला, चिमी सासू-सासऱ्यांजवळ. सासर-माहेराच्या मध्ये एक भिंत आणि एक दार. लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, किती छान, हाकेच्या अंतरावर लेक! पण व्याह्या-व्याह्यांचं मेतकूट काही जमलं नाही. सरांनी विहीर आणखी खोल खणून घेतली, वर मोटर बसवली, झाकणाला जाळी केली आणि येता-जाता सांगायला लागले की, आमचं पाणी खोलवरचं, तुमच्यासारखं वरवरचं नाही. त्यावर पेंटर सगळ्या गल्लीत सांगत सुटला की सरांच्या पाण्याला गंजाचा वास येतो आणि त्यात केलेला चहा शाईसारखा होतो. बायकोला तर त्याने शपथेवर सांगितलं होतं, "त्यांच्याकडे गेलीस तर पाणी पिऊन येऊ नकोस."

आणि मनातून? मनातून त्याला खात्री होती की सरांचंच पाणी चांगलं. एवढं खोल खणलंय, एवढा खर्च केलाय, मोटर आहे, जाळी आहे. चांगलं नसायला काय झालं? म्हणूनच परीक्षेची वेळ आली तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले. आता हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

बरं, भीती तरी वाटावी, तर तीही नाही. कारण पेंटरने आपल्या परीने हिशेब लावला होता. माझ्या बाटलीत सरांचं पाणी, ते नापास. सरांच्या बाटलीतही सरांचंच पाणी, ते पास. एकच पाणी एकदा विष आणि एकदा अमृत? म्हणजे यंत्रच भंकस! काही विषबिष नाही कुठे. एवढं मनाशी पक्कं झाल्यावर त्याने सरांच्या कठड्यावर हिरवा पट्टा ओढला तोही खुशाल शीळ घालत. आणि आपली विहीर पुन्हा तपासा म्हणायची तर त्याची छातीच नव्हती. खरी तपासली आणि खरंच रंग निघाला, तर?

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर काय हवं होतं! चिमीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, ती माहेरी यायची होती. पेंटरने मागची खोली रिकामी केली, भिंतींना फिकट हिरवा रंग दिला, छताला चांदण्या काढल्या. जुना पाळणा घासून रंगवला, त्याच्या चारी दांड्यांवर पोपट काढले. एका पोपटाची चोच मनासारखी येईना म्हणून तीनदा पुसून पुन्हा काढली. आणि लाल पट्टा वाळतो न वाळतो तोच विहीणबाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण विषाच्या विहिरीवर मी पोटुशी पोर पाठवायची नाही. बाळंतपण आमच्याकडेच होईल."

बायको आत जाऊन पदराने डोळे पुसत बसली. चिमी सासूच्या मागे उभी होती. तिने एकदा बापाकडे बघितलं, एकदा ब्रशांच्या डब्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पेंटरला वाटलं, तिने दोन शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग सुरू झाली पाण्याची पायपीट. बायको कळशी घेऊन घरोघर जायची आणि लोक म्हणायचे, "तुमची कळशी बाहेरच ठेवा हं, आम्ही वरून ओतू." जसा काही पेंटरच्या घरचा पितळी गडूसुद्धा विषारी! आणि सगळ्यांत वरताण सर. मधल्या दाराच्या पलीकडे मोटरची विहीर, हिरवा पट्टा लख्ख चमकतोय, सख्खी विहीण कळशी घेऊन उभी, आणि सर म्हणतात, "मोटर बिघडली आहे." दुसऱ्या दिवशी म्हणतात, "आज पाणी गढूळ आहे." तिसऱ्या दिवशी तर त्यांनी जाळीला कुलूपच ठोकलं.

"घोटभर पाणी देत नाही हा माणूस!" पेंटरची तळपायाची आग मस्तकात गेली. "कसला हेडमास्तर? नुसता कंजूष! माझी पोर या घरात दिली मी!"

बायको म्हणाली, "त्यांना भीती वाटत असेल, आपली कळशी बुडाली तर त्यांच्याही विहिरीला रंग लागेल म्हणून." यात चेष्टा किती आणि बोचरेपणा किती, ते पेंटरला कळेना. तो उठला आणि ब्रशांचा डबा उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण निदान सुचलं तरी.

असे बरेच दिवस गेले. एका पहाटे पेंटरला विहिरीवर खडखड ऐकू आली. मांजर असेल म्हणून तो कूस बदलून पडला. पण मांजर रहाट कसं ओढेल? तो उठून मागच्या दाराशी गेला आणि बघतो तर काय, लाल पट्ट्याच्या विहिरीवर हेडमास्तर! धोतराचा काचा मारलेला, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला, दोन्ही हातांनी दोर ओढताहेत आणि शेजारी त्यांच्या घरचा हंडा अर्धा भरलेला.

"चोर!" पेंटर ओरडणार होता, पण तोंडातून निघालं, "सर, विष आहे ते!"

सरांच्या हातून दोर सुटला. बादली खाली धपकन आदळली. दोघे व्याही एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"हळू बोला," सर म्हणाले. "तुमचं पाणी चांगलं आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तपासून घेतलंय मी." सरांनी चष्मा वर ढकलला आणि खाली बघत म्हणाले, "माझ्या बाटलीत तुमचं पाणी होतं."

पेंटर पायरीवर बसला. सर हळूहळू सांगत गेले. विहीर खोल केल्यापासून त्यांच्या पाण्यावर तांबूस साय धरायची, डाळ शिजायची नाही, चहा काळा व्हायचा. शेजारच्या पेंटरकडे मात्र डाळ पटकन शिजते, हे चिमीकडून त्यांना कळलं होतं. एवढा गाजावाजा करून खणलेली विहीर गल्लीदेखत नापास झाली तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून पेंटर कामावर गेलेला बघून, बाटल्या वाटल्या त्याच संध्याकाळी, ते इकडून बाटली भरून घेऊन गेले होते.

"म्हणजे तुम्ही माझं पाणी दिलंत आणि मी तुमचं..." पेंटरच्या डोक्यात आता कुठे गाडी रुळावर आली. आली ती धडधडत आली. "म्हणजे नापास झालं ते तुमचं! ते खरंच विष आहे! सर, चिमी पितेय ना ते?" तो ताडकन उठला आणि मधल्या दाराकडे धावला.

सरांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. "कुठे निघालात? हा हंडा कोणासाठी भरतोय मी? निकाल लागल्या दिवसापासून घरात हेच पाणी जातंय. तिलाही, हिलाही, मलाही. घरात कोणाला माहीत नाही. ही तर म्हणते, हल्ली आपली डाळ काय छान शिजते!"

पेंटरचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडतो न पडतो तोच दुसरी कळ उठली. "थांबा. निकालाच्या दिवसापासून? म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या घालण्यात जन्म गेला माझा," सर म्हणाले. "तुमची विहीर माझ्या बाटलीत पास आणि तुमच्या बाटलीत नापास. म्हणजे तुमच्या बाटलीत दुसऱ्याचं पाणी. कोणाचं, ते बघायला मी माझ्या विहिरीवर गेलो, तर कठड्यावर पिवळ्या रंगाचा पंजा उमटलेला. कॉपी करणारा नेहमी काहीतरी मागे ठेवून जातो."

"आणि तुम्ही काय केलंत?" पेंटर उसळला. "गल्लीने मला विषारी ठरवलं, बायकोने ठरवलं, पोरीने मान खाली घातली, आणि तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही मूग गिळून बसलात? लाज नाही वाटली?"

"वाटली," सर म्हणाले. "फार वाटली. म्हणून तर कुलूप लावलं. माझं पाणी विहीणबाईंना कसं देऊ? आणि नाही म्हणायला कारण काय देऊ? लोक कंजूष म्हणाले, म्हणू दिलं."

भांडणाला तोंड फुटावं तर दोघांचीही पाटी सारखीच मळलेली. शेवटी सरांनीच तोडगा काढला. उद्या मॅडम फेरीवर येतील. पेंटरने एकट्याने कबूल करायचं की आपण बाटली व्याह्यांच्या विहिरीतून भरली. त्याच्यावर बोल लागलेलाच आहे, आणखी काय लागणार? सरांच्या बाटलीचं विचारलं तर प्रयोगशाळेत काहीतरी घोटाळा झाला असेल म्हणायचं. विहिरींचे पट्टे बदलतील, चिमी माहेरी येईल, आणि सरांचं नाव झाकलेलं राहील. "कॉपी केली म्हणून किती पोरांना मी वर्गाबाहेर काढलं," सर म्हणाले. "ती सगळी या गल्लीत राहतात हो."

पेंटरला राग आला होता, पण डोळ्यांपुढे पाळण्यावरचे पोपट दिसत होते. तो म्हणाला, "पोरगी घरी येत असेल तर चालेल."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, गल्ली जमली. पेंटर विहिरीपाशी उभा राहिला, घसा खाकरला आणि एका दमात बोलून टाकलं. "मॅडम, माझ्या बाटलीत माझं पाणी नव्हतं. ते व्याह्यांच्या विहिरीचं होतं. मीच चोरून भरलं. ब्रशांची भीती वाटली मला."

एकच गलका झाला. बायको पुढे आली. "पण त्यांच्याच विहिरीचं का?"

आता सगळ्यांत अवघड प्रश्न आला होता. "मला वाटायचं," पेंटर पुटपुटला, "त्यांचं पाणी आपल्यापेक्षा चांगलं आहे."

"अगं बाई! आणि मला शपथा घालत होतात!" बायकोने कपाळाला हात लावला. गल्ली खो खो हसली. पेंटर कानापर्यंत लाल झाला, पण त्याला हलकंही वाटलं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे लाल विहीर सरांची. मग सरांच्या बाटलीतलं पाणी चांगलं कसं निघालं?"

गल्लीच्या माना एकदम सरांकडे वळल्या. सरांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "प्रयोगशाळेत काहीतरी घोटाळा झाला असेल."

"मग अवघडच आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रयोगशाळाच चुकली म्हणायची, तर एकही निकाल धरता येणार नाही. सगळ्या विहिरी पुन्हा तपासायच्या. शहरातून निकाल यायला इतका वेळ लागेल की बाळ रांगायला लागलेलं असेल. तोवर या गल्लीतलं कुठलंच पाणी खात्रीचं नाही. या पोटुशी मुलीला आजच्या आज इथून हलवा. लांब कोणी नातेवाईक असतील ना?"

विहीणबाई घाबरून म्हणाल्या, "माझी बहीण आहे. पण गाडीचा पूर्ण दिवसाचा प्रवास!"

"अशा दिवसांत?" पेंटरची बायको ओरडली.

चिमी कठड्याला धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं. पेंटर एक शब्द बोलला की झालं असतं. विचारा सरांना, त्यांच्या बाटलीत कोणाचं पाणी होतं! शब्द अगदी जिभेवर होता. पण ते पोरीचं सासर होतं, सासऱ्याची मान खाली गेली की तिचीही जाणार होती. पेंटरने दात आवळले आणि डोळ्यांत प्राण आणून सरांकडे बघत राहिला.

सर चिमीकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला, आणि शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावं तसे ताठ उभे राहिले.

"प्रयोगशाळा बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या बाटलीत पेंटरांच्या विहिरीचं पाणी होतं. निकालापासून घरातही मी तेच भरतोय. मी कॉपी केली."

मग मागून इस्त्रीवाल्याचा आवाज आला. "सर, एका चिठ्ठीपायी तुम्ही मला वर्षभर मागच्या बाकावर बसवलं होतंत!"

"बरोबरच केलं होतं," सर म्हणाले. "मलाही बसवा."

पहिल्यांदा हसल्या त्या विहीणबाई. त्या हसल्या आणि मग म्हणाल्या, "तरीच म्हटलं, डाळ कशी काय शिजायला लागली!" त्यावर मात्र सगळी गल्ली हसून लोटपोट झाली. सरही हसले, पण त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पेंटरने जाऊन त्यांचा हात धरला.

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग सोपं आहे. निकाल बरोबर, फक्त नावं उलटी. सर, तुम्ही विहीर खोल केलीत ती त्या काळ्या चिखलात शिरली. यांची वरच्या पिवळ्या रेतीतच थांबली."

"आणि ह्यांचे ब्रश?" पेंटरच्या बायकोने विचारलं.

"पाण्यात रंगाचं काही निघालं नाही. पण तिथे धुऊ नका पुन्हा."

"ऐकलंत?" बायको विजयाने म्हणाली. म्हणजे निर्दोष सुटूनही पेंटर हरलाच.

"पण मग दोष कोणाचा?" इस्त्रीवाल्याने पुन्हा विचारलं. इतके दिवस एका माणसावर राग धरून बसलेल्या गल्लीला आता कोणीतरी दुसरा हवा होता.

"नदीचा," मॅडम म्हणाल्या. "आणि ती केव्हाच निघून गेली." गल्लीची थोडी निराशाच झाली.

मग पट्टे बदलले. पेंटर लाल डबा घेऊन पलीकडे जायला निघाला, तर सर म्हणाले, "द्या इकडे, माझा मी लावतो." त्यांनी लावला, तो असा वेडावाकडा की पेंटरला बघवेना. त्याने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. इकडे येऊन त्याने आपल्या कठड्यावरचा लाल रंग खरवडला आणि हिरवा पट्टा ओढला. दोन हात दिले, कोणी न सांगता.

रंग ओला होता तोवरच मधलं दार उघडलं. चिमी एका हातात पिशवी आणि काखेत उशी घेऊन आत आली, सासूने मागून तिचं अंथरूण आणलं. चिमी पायरीवर बसली, जरा दम खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, पाणी द्या."

पेंटरने रहाट ओढला, बादली वर घेतली, पेला दोनदा विसळला आणि भरला. पण तिच्यापुढे धरलेला तो पेला त्याच्या हातून सुटेना. इतके दिवस सगळ्या जगाने ज्याला विष म्हटलं, ते तो आपल्या पोटुशी लेकीच्या हातात देत होता. "थांब," तो म्हणाला, "आधी मी पितो."

"आणा इकडे," चिमीने पेला ओढून घेतला. "मामंजींनी इतके दिवस हेच पाजलं मला, न सांगता. आज तुम्ही सांगून पाजा."

आणि तिने तो एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि पेला पुन्हा त्याच्यापुढे धरला. पेंटर हमसाहमशी रडत होता, आणि रडत रडतच त्याने तो काठोकाठ भरला.